ऐकायचं परक्या भाषेत, कळवायचं आपल्या: परराष्ट्र सेवेत येऊ पाहणाऱ्यांसाठी

परराष्ट्र सेवेची तयारी करणारी मुलं-मुली भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, तुम्हाला किती भाषा येतात?" मी आकडा सांगते, पण मनातून वाटतं की यांनी दुसरंच काही विचारायला हवं होतं. आमच्या कामात भाषा 'येणं' म्हणजे काय, हे कळायला मला पहिली पोस्टिंग जवळजवळ पूर्ण घालवावी लागली. परक्या भाषेत गप्पा मारता येणं हा त्यातला सोपा भाग. समोरचा नेमक्या कोणत्या शब्दांत काय म्हणाला, कुठे थांबला, कोणता शब्द त्याने टाळला हे ऐकायचं आणि त्याच संध्याकाळी दिल्लीला चार परिच्छेदांत बिनचूक कळवायचं, ही खरी नोकरी आहे. पुढचं सगळं त्या नजरेतून लिहिलं आहे.

आधी काम समजून घ्या

राजदूतावास काय करतो याचं सर्वात स्वच्छ उत्तर १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या तिसऱ्या कलमात आहे. आपल्या देशाचं प्रतिनिधित्व, आपल्या नागरिकांच्या हिताचं रक्षण, वाटाघाटी, तिथली परिस्थिती कायदेशीर मार्गांनी जाणून घेऊन मायदेशी कळवणं आणि दोन देशांतले संबंध वाढवणं, अशी पाच कामं तिथे दिली आहेत. मुलाखतीला जाण्याआधी हा करार मुळातून वाचा. अवघी त्रेपन्न कलमं आहेत, एका दुपारी होतात. एकेचाळिसावं कलमही लक्षात ठेवा: राजनैतिक संरक्षण असलं तरी यजमान देशाचे कायदे पाळायचे आणि त्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही.

मराठी माणसाला हे काम नवं नाही. पारसनीस हे आडनाव फारसीनवीस या हुद्द्यावरून आलं. फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस. अष्टप्रधानांतला सुमंत परराज्यांचे व्यवहार बघे. पेशव्यांचे वकील परक्या दरबारात वर्षानुवर्षं राहत आणि पुण्याला बातमीपत्रं धाडत. कोण कोणाला भेटलं, काय बोललं, कोणाचा चेहरा उतरला, सगळं त्यांत असे. आज कागदाची जागा संगणकाने घेतली, पण वकिलाचं काम तेच राहिलं आहे.

आत यायचे रस्ते

मुख्य रस्ता केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचा. त्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आवरते. पूर्वपरीक्षा, मग मुख्य परीक्षा १७५० गुणांची, मग मुलाखत २७५ गुणांची, एकूण २०२५. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात येतो. परराष्ट्र सेवेला दरवर्षी काही डझनच जागा मिळतात, म्हणून सेवांचा पसंतीक्रम भरताना विचार पक्का हवा. एकदा ही सेवा मिळून तिच्यात रुजू झालात की सेवेत असेपर्यंत पुन्हा परीक्षेला बसता येत नाही. वयाची आणि प्रयत्नांची मर्यादा त्या वर्षीच्या अधिसूचनेतच बघा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

एक गैरसमज इथेच दूर करते. परीक्षेला बसायला परकीय भाषा यावी लागत नाही. फ्रेंचचा वर्ग लावण्यासाठी परीक्षेचा अभ्यास मागे टाकणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांची कळकळ खरी असते, पण क्रम चुकतो. भाषा सरकार शिकवतं, आणि पगार देऊन शिकवतं.

दुसरा रस्ता कमी लोकांना माहीत असतो. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीस्तरीय परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी होता येतं. या मंडळींच्याही नेमणुका परदेशातल्या दूतावासांत होतात आणि कचेरीचा कणा तीच असतात. शिवाय मंत्रालयाचा दुभाष्यांचा वेगळा संवर्ग आहे. ज्यांना भाषा हेच सर्वस्व वाटतं त्यांनी तिकडे जरूर बघावं.

परीक्षेच्या काळात करण्यासारखी एक गोष्ट

रोज एक सवय लावा. दहा मिनिटांचं भाषण किंवा मुलाखत एकदाच ऐका, ध्वनिमुद्रण मागे न नेता. मग वही उघडून मराठीत दीडशे शब्दांत लिहा: बोलणारा काय म्हणाला, कशाचं आश्वासन दिलं, कशाचं दिलं नाही. नंतर पुन्हा ऐकून ताडून बघा. पहिल्या आठवड्यात तुमच्या लक्षात येईल की जे त्याने म्हटलंच नव्हतं, ते तुम्ही लिहून ठेवलंय. "विचार करू" चं तुमच्या वहीत "करू" झालेलं असतं.

मराठीतच का, असं कोणी विचारेल. पुढे अहवाल इंग्रजीत आणि हिंदीत लिहायचे असले, तरी ऐकणारा कान आपल्या भाषेत तयार होतो. आपल्याकडे 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत. 'आपण' मध्ये ऐकणारा धरलेला असतो, 'आम्ही' मध्ये नसतो. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. समोरचा मंत्री इंग्रजीत म्हणतो, "या विषयावर 'वी' पुढे जायला हवं." त्याचा देश एकटा जाणार, की दोन्ही देशांनी मिळून जायचं? मराठी कानाला हा प्रश्न आपोआप पडतो. तो तिथल्या तिथे विचारून घेतला तर पुढचे सहा महिने वाचतात. इंडोनेशियाच्या भाषेत हाच भेद 'किता' आणि 'कामी' असा आहे, उत्तर चीनमधल्या बोलण्यात 'झानमन' आणि 'वोमन' असा.

प्रशिक्षण आणि भाषेची निवड

निवड झाल्यावर आधी मसुरीच्या लालबहादूर शास्त्री अकादमीत सगळ्या सेवांबरोबर पायाभूत अभ्यासक्रम, मग दिल्लीच्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत आपलं खास प्रशिक्षण. ही संस्था १९८६ ची, आत्ताचं नाव २०२० मध्ये दिलं गेलं. आंतरराष्ट्रीय कायदा, व्यापार, प्रोटोकॉल, मसुदालेखन असं सगळं तिथे होतं. मसुदालेखनाच्या तासाला झोपू नका, एवढंच सांगते.

मग येते सक्तीची परकीय भाषा. प्रत्येक अधिकाऱ्याला एक भाषा दिली जाते. पसंती विचारतात, पण मंत्रालयाची गरज आणि तुमचा क्रमांक यांचाही हिशेब असतो. अरबी, चिनी, रशियन, फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन, जपानी, पोर्तुगीज, फारसी या नेहमीच्या. यादी याहून मोठी आहे.

पसंती कशी द्यायची? राहायला छान शहर कोणतं, यावरून देऊ नका. ही भाषा तुमच्या पुढच्या तीस-पस्तीस वर्षांचा नकाशा काढू शकते. माजी परराष्ट्र सचिव विजय गोखले चिनी शिकलेले, आणि पुढे ते चीनमध्ये आपले राजदूत झाले. ज्ञानेश्वर मुळे जपानी शिकून टोकियोला गेले. एस. जयशंकर यांची पहिली पोस्टिंग मॉस्कोची, भाषा रशियन.

कष्टाचाही विचार करा. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं, त्याचे आकडे जगभर वापरले जातात. फ्रेंच-स्पॅनिशला साधारण ३० आठवडे, रशियनला ४४, आणि अरबी, चिनी, जपानी, कोरियन यांना ८८ आठवडे, म्हणजे वर्गातले सुमारे २२०० तास. पण हे आकडे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचे आहेत. मराठी माणसाचा हिशेब थोडा वेगळा बसतो. जपानीत 'वाताशी वा तोक्यो नि इकिमास' म्हणजे शब्दाला शब्द ठेवून 'मी तोक्योला जातो'. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे. इंग्रज विद्यार्थ्याला हे उलटं वाटतं, आपल्याला घरचं. रशियनच्या सहा विभक्त्यांना आपण घाबरत नाही, कारण प्रथमा, द्वितीया, तृतीया शाळेत घोकलेली असते. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत. आणि 'चमचा' मधला च व 'चार' मधला च हे दोन वेगळे उच्चार मराठी जिभेवर लहानपणापासून असतात. पहिला च रशियन आणि जर्मन शिकताना थेट उपयोगी पडतो. अरबी आणि फारसीत तर अर्ज, हुकूम, तारीख, मुदत, हजर, दरबार असे ओळखीचे चेहरे सारखे भेटतात. पोर्तुगीजमध्ये चावी आणि पगार भेटतात. अर्थात ओळखीचा शब्द फसवूही शकतो. शतकांच्या प्रवासात त्याचा अर्थ सरकलेला असतो, म्हणून प्रत्येक ओळखीचा शब्द शब्दकोशात बघायचाच.

अरबी घेणाऱ्यांना एक वेगळी सूचना. तुम्हाला दोन भाषा शिकायच्या आहेत. भाषणं, बातम्या, करारमदार प्रमाण अरबीत चालतात आणि बाजारात, घरात, टॅक्सीत त्या त्या देशाची बोली. अरब लीगचे २२ सदस्य देश आहेत. कैरोची बोली चित्रपटांमुळे पुष्कळांना समजते, तरी मोरोक्कोत पोहोचलात की कान पुन्हा नव्याने लावावा लागतो.

भाषेची पोस्टिंग: हे दिवस वाया घालवू नका

मंत्रालयात थोडे दिवस डेस्कवर बसवून मग तुम्हाला ती भाषा जिथे बोलली जाते अशा देशातल्या दूतावासात तृतीय सचिव म्हणून पाठवतात. तिथे मुख्य काम भाषा शिकणं. परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय सेवेत कायम होता येत नाही. कायम झालात की द्वितीय सचिव. एवढी निवांत, एवढी समृद्ध संधी पुढच्या सगळ्या नोकरीत पुन्हा येत नाही.

माझ्या वाट्याला रशियन आली. पहिले तीन महिने मी दुकानात बोट दाखवून वस्तू घेत होते आणि संध्याकाळी भारतीय मित्रमैत्रिणींत रमत होते. वर्गात गुण चांगले पडत, रस्त्यावर तोंड उघडत नसे. मग एका वयस्कर शिक्षिकेने मला सांगितलं, रोज एका अनोळखी माणसाला असा प्रश्न विचार ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं देता येणार नाही, आणि उत्तर माझ्यासाठी लिहून आण. पोस्टाच्या खिडकीवरची बाई, ग्रंथालयातला रखवालदार, बागेत बुद्धिबळ खेळणारे आजोबा. त्या वहीने मला भाषा दिली. रशियन माणूस परक्याला नाव आणि वडिलांच्या नावावरून झालेलं नाव अशी जोडी घेऊन हाक मारतो, हे मी व्याकरणात वाचलं होतं. पण ती जोडी चुकली की चेहरा कसा बंद होतो, हे त्या वहीमुळे पाहिलं.

तेव्हा माझ्या मते वर्ष असं घालवावं. शक्यतो स्थानिक कुटुंबात किंवा स्थानिक शेजारात राहा. पहिल्या तिमाहीत आकडे, तारखा, रकमा यांवर घाम गाळा. बोलताना सर्वात आधी आकड्यांतच घसरायला होतं, आणि आकडा चुकला की सगळं चुकतं. फ्रेंचमध्ये नव्वद म्हणजे 'चार वीस दहा'. चिनी आणि जपानी मोजणी दहा हजारांच्या गठ्ठ्यांत चालते, आपली लाख-कोटींत, इंग्रजीची दशलक्षात. समोरचा व्यापाराचा आकडा बोलत असताना मनातल्या मनात बदलायला गेलात तर शून्य हरवतं. ऐकला तसा त्याच्याच मोजणीत लिहून घ्या, रूपांतर नंतर कागदावर करा.

दुसऱ्या तिमाहीपासून तिथलं सरकारी वळणाचं वृत्तपत्र रोज वाचा, कंटाळवाणं असलं तरी. सरकारी भाषेत ठरलेली वाक्यं असतात आणि बातमी त्यांतल्या बदलात असते. वर्षभर एखाद्या देशाचा उल्लेख 'धोरणात्मक भागीदार' असा येत होता आणि एक दिवस नुसतं 'भागीदार' छापून आलं, तर त्या दिवशी चौकशी करायची. हे ओळखायला आधीचं वर्षभर वाचलेलं असावं लागतं.

तिसरं म्हणजे नाही म्हणण्याचे प्रकार शिका. हा धडा पाठ्यपुस्तकात नसतो. जपानी अधिकारी 'केन्तो शिमास', म्हणजे 'विचार करू', असं म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याने सभ्यपणे नकार दिलेला असतो. इराणी माणसाचं 'तआरूफ' असं की आग्रह आणि संकोच दोन्ही शिष्टाचाराचे भाग असतात, पहिला होकार धरून बसायचं नसतं. फ्रेंच 'दमांदे' म्हणजे साधं विचारणं किंवा मागणं. त्याचा इंग्रजी 'डिमांड' केलात तर विनंतीची धमकी होते.

टिपण: तुमची खरी परीक्षा

माझ्या पहिल्या मोठ्या बैठकीत मी टिपणं घ्यायला बसले होते. आमच्या वरिष्ठांनी एक प्रस्ताव मांडला. समोरचे गृहस्थ खुर्चीत मागे रेलले, चष्मा काढला आणि म्हणाले, "व प्रिंत्सिपे, दा." शब्दशः 'तत्त्वतः, हो.' संध्याकाळी मी लिहिलं: त्यांनी प्रस्ताव तत्त्वतः मान्य केला आहे. वरिष्ठांनी मसुदा वाचला, पेन्सिल त्या ओळीवर ठेवली आणि विचारलं, "त्याचे नेमके शब्द काय होते?" मी सांगितले. "आणि नंतर काय म्हणाला?" मी वही उघडली. नंतर ते म्हणाले होते की दुसऱ्या एका खात्याशी बोलावं लागेल. माझ्या मसुद्यात ते वाक्य शेवटच्या परिच्छेदात, वेगळ्याच विषयाखाली गेलं होतं. रशियन बोलण्यात 'व प्रिंत्सिपे, दा' चा सूर बहुतेक वेळा 'तसं हो, पण' असा असतो. 'पण' त्यांनी उच्चारलाही होता, मीच तो होकारापासून तोडला होता. तो मसुदा तसाच दिल्लीला गेला असता तर तिथे कोणीतरी होकार धरून पुढची तयारी सुरू केली असती.

त्या दिवसापासून माझा नियम झाला, आणि नव्या माणसाला मी तो पहिल्याच दिवशी देते. महत्त्वाचं वाक्य आधी मूळ भाषेत, जसं उच्चारलं तसं लिहा. त्याखाली अर्थ. त्याखाली, वेगळ्या ओळीत, तुमचं मत. 'ते म्हणाले' आणि 'मला वाटतं' यांची सरमिसळ हा आमच्या धंद्यातला सर्वात मोठा अपराध आहे असं मी मनापासून मानते. टिपणं उभी घ्या, ओळीत एकच मुद्दा. 'पण', 'म्हणून', 'जर' यांना खुणा ठरवून ठेवा, कारण विचाराचे सांधे तिथे असतात. नावं, आकडे आणि तारखा तत्क्षणी लिहा, बाकीचं स्मरणात राहतं. बैठक संपल्यावर तासाभरात पूर्ण टिपण करा. जेवण नंतर.

दुभाष्या सोबत असताना तुमचं काम

औपचारिक बैठकीत दोन्ही बाजू सहसा आपापला दुभाष्या आणतात आणि तो आपल्या माणसाचं बोलणं पलीकडच्या भाषेत नेतो. तुम्हाला ती भाषा येत असली तरी अशा बैठकीत आपल्याच भाषेत बोलणं शहाणपणाचं. एक तर शब्दाची जबाबदारी आपल्या भाषेत नीट पेलता येते. दुसरं, भाषांतर चालू असताना विचाराला वेळ मिळतो, तो फुकट घालवू नये. समोरच्याचं बोलणं तुम्हाला दोनदा ऐकायला मिळतं, एकदा मूळ आणि एकदा भाषांतर, आणि दोन्हींतला फरक तुम्हीच टिपायचा असतो. दुभाष्याचं चुकलं तर सगळ्यांसमोर टोकू नका. चिठ्ठी सरकवा किंवा "मला हे नीट कळावं म्हणून पुन्हा विचारतो" असं म्हणा. दुभाष्याला भाषणाचा मसुदा आदल्या दिवशी द्या. म्हणी आणि विनोद टाळा. सलग दोन-तीन वाक्यांवर थांबा.

करारातला एक शब्द

२२ नोव्हेंबर १९६७ चा सुरक्षा परिषदेचा २४२ क्रमांकाचा ठराव प्रत्येक नव्या अधिकाऱ्याने दोन भाषांत शेजारी ठेवून वाचावा. इंग्रजी मजकुरात इस्रायलने संघर्षात व्यापलेल्या 'प्रदेशांतून' माघार घ्यावी असं आहे, आणि तिथे 'द' हे उपपद नाही. फ्रेंच मजकुरात 'दे तेरित्वार' आहे, त्यात उपपद मिसळलेलं आहे. म्हणजे सगळे प्रदेश की काही? या एका बारीक अक्षरावरून अर्धशतकाहून जास्त काळ वाद चालू आहे. मराठीत उपपदच नाही. आपण भाषांतर करायला बसलो की 'व्यापलेल्या प्रदेशांतून' एवढंच लिहितो आणि वाद आहे हे वाचणाऱ्याला कळतही नाही. अशा वेळी तळाशी टीप देणं भाषा जाणणाऱ्याचं कर्तव्य आहे.

याहून भयंकर उदाहरण इटली आणि इथियोपिया यांच्यातल्या १८८९ च्या वुचाले कराराचं. त्याच्या सतराव्या कलमाचा अम्हारिक, म्हणजे इथियोपियाच्या भाषेतला, मजकूर सांगत होता की इथियोपियाचा सम्राट परदेशांशी व्यवहार करताना इटलीची मदत घेऊ शकेल. इटालियन मजकुरावरून इटलीने अर्थ काढला की त्याने ती घेतलीच पाहिजे, म्हणजे इथियोपिया आमच्या संरक्षणाखाली आलं. त्यातून युद्ध झालं आणि १८९६ मध्ये अडुवाच्या लढाईत इटलीचा पराभव झाला.

भारताचे द्विपक्षीय करार बहुतेक वेळा हिंदी, समोरच्या देशाची भाषा आणि इंग्रजी अशा तीन मजकुरांत होतात. तिन्ही अधिकृत, आणि अर्थामध्ये फरक पडल्यास इंग्रजी ग्राह्य, असं कलम शेवटी असतं. सहीच्या आधी तिन्ही मजकूर ओळीला ओळ लावून वाचणारा माणूस म्हणजे बहुधा तुम्ही, रात्री उशिरा, दोन दिवसांच्या जागरणानंतर. तेव्हा मोठ्याने वाचा, आणि दुसऱ्या कोणाला तरी दुसरा मजकूर हातात देऊन ऐकायला बसवा. एकट्याने डोळ्यांनी वाचलं की मेंदू चूक भरून काढतो.

कॉन्सुलर विभाग

तरुणांना राजकीय विभाग हवा असतो. माझं म्हणणं, पहिली काही वर्षं कॉन्सुलर काम, म्हणजे परदेशातल्या आपल्या नागरिकांना मदत करण्याचं काम, मिळालं तर नशीब समजा. भाषा तिथे खरी लागते.

रात्री दीड वाजता ड्युटीचा फोन वाजतो. इस्पितळातून कोणी स्थानिक भाषेत भरभर बोलतंय. एक भारतीय कामगार दगावला आहे. इथून पुढे कागद सुरू होतात: मृत्यूचा दाखला, वैद्यकीय अहवाल, मृत्यू अनैसर्गिक असेल तर पोलिसांचा अहवाल, या सगळ्यांची भाषांतरं, नातेवाइकांचं संमतिपत्र, शव जतन केल्याचा दाखला, रद्द केलेला पासपोर्ट, दूतावासाचं ना-हरकत पत्र. मृत्यूच्या दाखल्यावरचं कारण तुम्ही कसं भाषांतरित करता यावर विम्याचे पैसे आणि नुकसानभरपाई अवलंबून असू शकते. 'काम करताना पडून' आणि 'पडून' यांत घरच्यांचं पुढचं आयुष्य आहे. नंतर घरी फोन तुम्हालाच करायचा असतो. तिथे तुमची मराठी, हिंदी, तेलुगू किंवा भोजपुरी लागते. आधी नाव नीट उच्चारा, आपण कोण ते सांगा, फोनवर घरातलं कोण आहे ते विचारा, मगच बातमी सांगा. आणि ती साध्या शब्दांत सांगा. गरजू कुटुंबाला खर्चाची मदत २००९ मध्ये सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून करता येते. तक्रारींसाठी 'मदद' पोर्टल २०१५ पासून आहे. दोन्हींचे नियम पाठ असू द्या.

अटकेच्या प्रकरणांत १९६३ च्या कॉन्सुलर संबंधांवरच्या व्हिएन्ना कराराचं ३६ वं कलम हे तुमचं हत्यार. पकडलेल्या परकीय नागरिकाला आपल्या दूतावासाला कळवण्याचा आणि भेटण्याचा हक्क आहे, हे ते सांगतं. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कुलभूषण जाधव प्रकरणात पाकिस्तानने याच कलमाचा भंग केल्याचा निर्णय दिला. तुरुंगातल्या पहिल्या भेटीला जाताना त्या देशाच्या भाषेत 'वकील', 'दुभाष्या', 'जबानी' आणि 'सही करू नका' हे शब्द सरावाचे हवेत.

संकट मोठं असलं की भाषा येणारी माणसं तिकडे वळवली जातात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधून विद्यार्थ्यांना बाहेर काढताना ल्विव्ह आणि चेर्नित्सी इथे मंत्रालयाची छावणी कार्यालयं उघडली, आणि रशियन बोलणारे जादा अधिकारी तिथे धाडले गेले.

बढती, बदल्या, घर

परदेशात तृतीय, द्वितीय, प्रथम सचिव, मग कौन्सेलर, मिनिस्टर (हा दूतावासातला हुद्दा, मंत्री नव्हे) आणि शेवटी राजदूत. राष्ट्रकुलातल्या देशांत राजदूताला उच्चायुक्त म्हणतात. मध्ये मध्ये दिल्लीत डेस्क. पोस्टिंग साधारण तीन वर्षांची, कठीण ठिकाणी दोन.

घराचा विचार आधी करा, मोकळेपणाने बोलून. जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा, मागे राहिलेले आईवडील हे प्रश्न प्रत्येक बदलीला नव्याने उभे राहतात. मुलींना मी एक नाव आवर्जून सांगते: सी. बी. मुथम्मा. १९४९ मध्ये सेवेत आल्या, पुढे हंगेरीत राजदूत झाल्या. तेव्हाच्या नियमांत स्त्री अधिकाऱ्याने लग्नासाठी सरकारची परवानगी घ्यावी अशी अट होती. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९७९ च्या निकालात न्यायालयाने त्या नियमांवर कडक ताशेरे ओढले. आज तुम्ही जो अर्ज भरता त्यावर ती अट नाही, ते त्यांच्यामुळे.

भाषा टिकवणं आणि पुढची शिकणं

दिल्लीला परतलात की बोलणं सर्वात आधी गंजतं, मग ऐकणं. वाचन बराच काळ तग धरतं. त्यामुळे वाचत राहून भागत नाही. रोज वीस मिनिटं त्या देशाचा रेडिओ ऐका आणि आठवड्यातून एकदा कोणाशी तरी तासभर बोला, चुकत का होईना.

दुसरी, तिसरी भाषा परीक्षेच्या धाकाशिवाय शिकायची असते आणि वेळ कधीच मिळत नाही. म्हणून नव्या पोस्टिंगचा आदेश हाती पडला की मी छोटी यादी करते आणि विमानात बसण्याआधी ती तोंडपाठ करते. शंभरपर्यंतचे आकडे. वार, महिने, वेळ. मोठ्यांना आणि अधिकाऱ्यांना हाक मारण्याची पद्धत. इस्पितळ, पोलीस ठाणे, विमानतळ, सीमा. स्वतःच्या हुद्द्याचं नाव. आणि एक वाक्य, जे मी प्रत्येक देशात पहिल्याच दिवशी वापरलं आहे: "मला नीट ऐकू आलं नाही, कृपया हळू आणि पुन्हा सांगाल का?"